जननिक फेरबदल केलेले उंदीर आणि कोशिकांतील संदेशवहन

ज्या उंदरांच्या जनुकांमध्ये (आनुवंशिक लक्षणे एका पिढीतून पुढील पिढीत नेणाऱ्या घटकांमध्ये) प्रयोगशाळेत हेतुपुरस्सर बदल घडवून आणलेला असतो व तो बदल बहुधा त्यांच्या संततीतही उतरतो, अशा उंदरांना ही संज्ञा लावतात. नव्या जनुकाची भर घालणे, असलेले जनुक काढून टाकणे, त्याचे कार्य दडपणे किंवा त्याच्या जागी दुसरे बसविणे असे या बदलांचे स्वरूप असते. कोशिका (पेशी) परस्परांना व स्वतःच्या अंतर्भागास जे संदेश पाठवितात ते वाहून नेणाऱ्या प्रथिनांचे कार्य जाणून घेणे, हा या उंदरांचा एक प्रमुख उपयोग होय. एखादे प्रथिन कोणत्या विक्रियेत भाग घेते हे काचपात्रात वाढविलेल्या कोशिकांवरून समजू शकते. परंतु सजीव शरीरात ते कोठे, केव्हा व कितपत आवश्यक आहे, हे जिवंत प्राण्यातच पाहावे लागते. कर्करोग, मधुमेह, वंध्यत्व व मनोविकार यांच्या मुळाशी पुष्कळदा संदेशवहनातील दोष असतात. त्यामुळे हा प्रश्न वैद्यकाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे.

संदेशवाहक प्रथिने : बहुकोशिकीय प्राण्याच्या शरीरातील कोशिका केव्हा विभागावयाचे, केव्हा थांबावयाचे, कोणता पदार्थ निर्माण करावयाचा, कोणत्या शेजारी कोशिकेस चिकटून राहावयाचे आणि केव्हा मरावयाचे, हे मुख्यतः बाहेरून येणाऱ्या संकेतांनुसार ठरवितात. हॉर्मोने (वाहिनीविहीन ग्रंथींपासून सरळ रक्तात मिसळणारे उत्तेजक स्राव), वाढीस चालना देणारी प्रथिने आणि तंत्रिका कोशिकांनी (मज्जापेशींनी) सोडलेली रसायने हे असे संकेत होत. कोशिकेच्या पृष्ठभागावरील ‘ग्राही’ नावाच्या प्रथिनाशी संकेत-रेणूचा संयोग झाला म्हणजे ग्राहीच्या आकारात बदल होतो व त्याचा परिणाम आतील प्रथिनांवर क्रमाक्रमाने होत जातो. या साखळीत कायनेज या वर्गातील एंझाइमांना (जीवरासायनिक विक्रियांना मदत करणाऱ्या प्रथिनांना) महत्त्वाचे स्थान आहे. ती दुसऱ्या प्रथिनास फॉस्फेट गट जोडतात. त्यामुळे ते प्रथिन कार्यक्षम वा अक्षम होते किंवा कोशिकेतील आपली जागा बदलते.

काही प्रथिने स्वतः कोणतीही विक्रिया घडवून आणीत नाहीत. फॉस्फेट जोडलेल्या प्रथिनास बिलगून त्याला योग्य जागी पोहोचविणे वा अडवून धरणे, एवढेच त्यांचे काम असते. ‘१४-३-३’ या काहीशा विचित्र नावाने ओळखली जाणारी प्रथिने या वर्गात मोडतात. मेंदूतील प्रथिनांचे विलगीकरण करताना त्यांना मिळालेला क्रमांकच पुढे नाव म्हणून रूढ झाला. सस्तन प्राण्यांत त्यांचे सात प्रकार असून ते ग्रीक अक्षरांनी दर्शविले जातात. एका संदेशमार्गात अनेक प्रथिने असतात, तसेच एकच प्रथिन अनेक मार्गांत आढळते. त्यामुळे केवळ रासायनिक गुणधर्मांवरून त्याचे शरीरातील कार्य निश्चित करता येत नाही. एका वेळी एकच प्रथिन बदलावयाचे व उरलेल्या शरीराचे काय होते ते पाहावयाचे, हा त्यावरील उपाय होय.

उंदराची निवड : या कामासाठी घरात वावरणाऱ्या लहान उंदराच्या, प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या वाणांचा उपयोग करतात. उंदराचा गर्भावधी सुमारे तीन आठवड्यांचा असतो. पिल्ले सहा ते आठ आठवड्यांत प्रजननक्षम होतात आणि थोड्या जागेत पुष्कळ प्राणी पाळता येतात. सख्ख्या भावंडांत सतत संकर करून मिळविलेल्या शुद्ध वाणातील सर्व प्राणी आनुवंशिक दृष्ट्या जवळजवळ एकसारखे असतात. त्यामुळे दोन गटांत दिसणारा फरक बदललेल्या जनुकामुळेच आहे, असे म्हणण्यास आधार मिळतो. उंदराच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून उंदराच्या दर १०० जनुकांपैकी सुमारे ८० जनुकांना मानवात एकास एक जुळणारे जनुक असल्याचे दिसून आले.

इतिहास : उंदराच्या भ्रूणात परका डीएनए (डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्ल, आनुवंशिक माहिती साठविणारे रसायन) घालण्याचा प्रयोग १९७४ मध्ये रूडॉल्फ येनिश व बिएट्रिस मिंट्झ यांनी केला. येनिश यांनी १९७६ मध्ये असा विषाणुजन्य डीएनए पुढील पिढीत उतरतो असे दाखविले. निषेचित (फलित) अंड्याच्या केंद्रकात अतिसूक्ष्म सुईने डीएनए टोचण्याची रीत १९८० मध्ये जॉन गॉर्डन व फ्रँक रडल यांनी वर्णन केली. रिचर्ड पामिटर, राल्फ ब्रिन्स्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मोठ्या जातीच्या उंदराचे (रॅटचे) वृद्धी हॉर्मोनाचे जनुक लहान उंदराच्या अंड्यात घातले. त्यातून वाढलेले काही उंदीर आपल्या भावंडांच्या जवळजवळ दुप्पट वजनाचे झाले.

या रीतीने जनुकाची भर घालता येई. परंतु ते गुणसूत्रावर कोठे बसेल यावर नियंत्रण नव्हते व असलेले जनुक काढताही येत नव्हते. मार्टिन एव्हान्स व मॅथ्यू कॉफमन यांनी, तसेच स्वतंत्रपणे गेल मार्टिन यांनी १९८१ मध्ये उंदराच्या भ्रूणातून शरीरातील कोणत्याही प्रकारची कोशिका बनू शकणाऱ्या मूल कोशिका वेगळ्या करून वाढविल्या. मारिओ कॅपेची व ऑलिव्हर स्मिथीज यांनी अशा कोशिकांतील नेमके हवे ते जनुक बदलण्याची रीत १९८७ मध्ये सिद्ध केली. १९८९ च्या सुमारास विशिष्ट जनुक निकामी केलेले पहिले उंदीर तयार झाले. या कार्याबद्दल कॅपेची, एव्हान्स व स्मिथीज यांना २००७ चे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१३ पासून क्रिस्पर-कॅस ९ या जंतूंतून मिळविलेल्या साधनाने निषेचित अंड्यातच जनुक कापता येऊ लागले. त्यामुळे पूर्वी वर्ष-दोन वर्षे लागणारे काम काही महिन्यांवर आले.

पद्धती : (१) जनुकाची भर : यात प्रथिन नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात वा नको त्या ठिकाणी निर्माण होते. सदैव ‘चालू’ अवस्थेत राहणारे प्रथिनही अशा रीतीने घालता येते. (२) जनुकाचा लोप : मूल कोशिकांतील जनुक निकामी करून त्या कोशिका कोवळ्या भ्रूणात सोडतात व तो भ्रूण उंदरीच्या गर्भाशयात वाढवितात. संमिश्र कोशिकांच्या या पिल्लांच्या पुढील संकरांतून दोन्ही प्रती निकामी असलेले उंदीर मिळतात. (३) जनुकाची अदलाबदल : उंदराच्या जनुकाऐवजी मानवी जनुक बसविता येते. विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या सिकलसेल (दात्रकोशिका) रोगाच्या अभ्यासासाठी उंदराची स्वतःची हीमोग्लोबिनाची जनुके काढून मानवी सदोष जनुके घातलेले उंदीर १९९७ मध्ये अमेरिकेत तयार करण्यात आले. (४) सशर्त लोप : जनुक सर्व शरीरातून काढल्यास पुष्कळदा भ्रूणच मरतो. हे टाळण्यासाठी जनुकाच्या दोन्ही बाजूंना खुणेचे लहान डीएनए-खंड बसवितात. जंतूवर वाढणाऱ्या एका विषाणूपासून मिळविलेले ‘क्री’ हे एंझाइम या खुणा ओळखून मधला भाग कापून टाकते. क्री केवळ यकृतात निर्माण होईल अशी योजना केली, तर जनुक यकृतातूनच नाहीसे होते. (५) जनुकाचे दमन : जनुक जागेवर ठेवून, त्याचा संदेश वाहून नेणारे आरएनए (रिबोन्यूक्लिइक अम्ल) नष्ट करणारा दुसरा लहान आरएनए कोशिकेत निर्माण करतात. अशा आरएनएचा हा गुणधर्म अँड्रू फायर व क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये कृमीत दाखवून दिला. यात प्रथिन समूळ नाहीसे न होता त्याचे प्रमाण घटते. (६) कृत्रिम ग्राही : शरीरातील कोणत्याही नैसर्गिक रसायनास दाद न देणारा, परंतु बाहेरून दिलेल्या विशिष्ट औषधाने जागा होणारा ग्राही निवडक कोशिकांत बसवितात. यामुळे एखादा संदेशमार्ग संशोधकास इच्छेनुसार चालू करता येतो.

दोन बोधप्रद उदाहरणे : एसआरसी (सार्क) हे कायनेज कर्करोगाच्या संशोधनातून प्रसिद्धीस आले. ते मेंदूत व बिंबाणूंत (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म घटकांत) विपुल असल्याने त्याच्या अभावी तेथे मोठा बिघाड होईल अशी अपेक्षा होती. फिलिप सोरियानो व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये या जनुकाचा लोप केला, तेव्हा मेंदू व बिंबाणू यांत ठळक दोष आढळला नाही. मात्र जुने हाड झिजविणाऱ्या कोशिका आपले काम करीनाशा झाल्या, हाडे प्रमाणाबाहेर भरीव बनली आणि पिल्लांचे पुढचे दात उगवले नाहीत. प्रथिन जेथे विपुल असते तेथेच ते अपरिहार्य असते असे नाही, ही गोष्ट या प्रयोगाने स्पष्ट केली.

दुसरे उदाहरण इन्शुलिनाच्या ग्राहीचे होय. हा ग्राही शरीरात कोठेच नसलेली उंदराची पिल्ले जन्मानंतर थोड्याच दिवसांत तीव्र मधुमेहाने मरतात, असे १९९६ मध्ये आढळले. पुढे रोनाल्ड कान यांच्या प्रयोगशाळेत तो एकेका ऊतकातून (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहातून) काढण्यात आला. रक्तातील साखरेचा बराच मोठा भाग स्नायू वापरतात, हे लक्षात घेता स्नायूंतील ग्राही गेल्यास मधुमेह होणार असे वाटत होते. परंतु १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा उंदरांची रक्तशर्करा सामान्य राहिली. मात्र त्यांच्या शरीरात व रक्तात मेदाचे प्रमाण वाढले. याउलट यकृतातील ग्राही काढलेल्या उंदरांत इन्शुलिनास तीव्र प्रतिरोध निर्माण झाला, असे २००० मध्ये दिसून आले. ‘कोणते प्रथिन’ या प्रश्नाइतकाच ‘कोणत्या ऊतकात’ हा प्रश्न महत्त्वाचा असल्याचे या प्रयोगांवरून समजते.

महाराष्ट्रातील संशोधन : महाराष्ट्रात उंदरांवरील कर्करोग संशोधनाची परंपरा जुनी आहे. मुंबईत परळ येथे १९५२ मध्ये व. रा. खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथे कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी ऊतक-संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली व उंदरांतील स्तनाच्या कर्करोगाचा दीर्घकाळ अभ्यास केला. हीच संशोधनपरंपरा पुढे टाटा स्मारक केंद्राच्या नवी मुंबईतील खारघर येथील प्रगत कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षण केंद्रात चालू राहिली.

खारघर येथील सोराब दलाल यांच्या प्रयोगशाळेने १४-३-३ प्रथिनांवर केलेले काम प्रस्तुत विषयाचे चांगले उदाहरण आहे. डीएनएला इजा झाली असता कोशिकेचे विभाजन थांबविण्यासाठी १४-३-३ गॅमा हा प्रकार आवश्यक असतो, हे या प्रयोगशाळेने २००८ मध्ये काचपात्रातील कोशिकांवरून दाखविले. सजीव शरीरातील त्याचे कार्य पाहण्यासाठी उंदरांत बदल करण्याची सोपी रीत हवी होती. ललित सेहगल, दलाल व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशी एक रीत प्रसिद्ध केली. तीत निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत, वयात न आलेल्या नर उंदराच्या वृषणातील शुक्राणुजनक मूल कोशिकांत नवे जनुक पोहोचवितात. नर मोठा झाल्यावर त्याचा साध्या मादीशी संकर करतात. अंडी बाहेर काढणे, त्यांत सुई टोचणे व ती पुन्हा गर्भाशयात ठेवणे या खर्चिक आणि कौशल्याच्या पायऱ्या त्यामुळे टळतात. खुणेसाठी हिरवी चमक देणाऱ्या प्रथिनाचे जनुक वापरले होते. या रीतीने प्रक्रिया केलेल्या सर्व नरांपासून बदललेली पिल्ले मिळाली व यशाचे एकूण प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक होते. एकच नर अनेक संकरांसाठी वापरता आला.

विषाणूमार्फत १४-३-३ गॅमाचे दमन करणारा आरएनए उंदराच्या वृषणात निर्माण केला असता मिळालेले निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. वृषणातील कोशिकांची परस्परांशी असलेली घट्ट जोडणी ढिली झाली, त्यांची मांडणी विसकटली व शुक्राणूंच्या निर्मितीत दोष उत्पन्न झाले. कारणांचा शोध घेता असे आढळले की, शेजारच्या कोशिकांना खिळ्यांप्रमाणे सांधून ठेवणाऱ्या जोडांपैकी प्लाकोग्लोबिन हे एक प्रथिन आहे. पीकेसी-म्यू या कायनेजाच्या क्रियेवर अवलंबून १४-३-३ गॅमा त्याला बिलगते. त्यानंतर कोशिकेतील सूक्ष्मनलिकांच्या मार्गावरून, केआयएफ ५बी व केएलसी १ या ‘वाहक’ प्रथिनांच्या जोडीकरवी, प्लाकोग्लोबिन कोशिकेच्या कडेशी पोहोचते. केआयएफ ५बीचे दमन केल्यासही वृषणात तसेच दोष दिसले. बृहदांत्राच्या कर्करोगापासून वाढविलेल्या कोशिकांतही हीच साखळी आढळली. कोशिकांचे बंध सुटणे ही कर्करोग पसरण्यातील एक पायरी असल्याने या निष्कर्षांचे महत्त्व वंध्यत्वापुरते मर्यादित नाही. कोशिका-विभाजनावर पहारा ठेवणारे म्हणून प्रथम लक्षात आलेले हे प्रथिन कोशिकांना एकत्र बांधून ठेवण्याच्या कामीही येते, ही गोष्ट अशा प्रकारे पुढे आली.

मुंबईत कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य व सहकाऱ्यांनी कृत्रिम ग्राहीचा उपयोग करून वेगळा प्रश्न हाताळला. बालपणी सोसलेल्या हालअपेष्टांनी प्रौढपणी मनोविकारांचा संभव वाढतो. अशा प्राण्यांच्या अग्रमेंदूत जी-क्यू या प्रथिनामार्फत होणारे संदेशवहन वाढलेले आढळते. हे वाढलेले संदेशवहन स्वतःच विकार घडविण्यास पुरेसे आहे काय, हे पाहण्यासाठी अग्रमेंदूतील उद्दीपक तंत्रिका कोशिकांत कृत्रिम ग्राही असलेले उंदीर वापरण्यात आले. जन्मानंतर दुसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत औषध देऊन हा मार्ग चालू केला असता, ते उंदीर मोठेपणी अधिक भित्रे व हताश वर्तन करणारे झाले. हेच औषध किशोर वा प्रौढ वयात दिल्यास तसा परिणाम झाला नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने ‘केव्हा’ या प्रश्नाचे महत्त्व दाखवून दिले.

पुणे येथील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील भास्कर साहा व सहकाऱ्यांचे काम जनुकलोपाची पुढची पायरी दर्शविते. महाभक्षिकोशिका (बाह्य जंतूंना गिळून नष्ट करणाऱ्या मोठ्या कोशिका) लीशमॅनिया या परजीवीस आश्रय देतात. या कोशिकांवरील सीडी ४० हा ग्राही नसलेले उंदीर लीशमॅनियाच्या संसर्गाला तोंड देऊ शकत नाहीत, हे १९९६ मध्ये परदेशांतील प्रयोगांनी दाखविले होते. ग्राही आवश्यक आहे एवढेच त्यावरून कळते. तो असूनही रोग का होतो हे कळत नाही. पुण्यातील संशोधकांनी २००४ मध्ये असे दाखविले की, सीडी ४० पासून येणारा क्षीण संकेत ईआरके या कायनेजामार्फत परजीवीस अनुकूल असा इंटरल्यूकिन १० हा पदार्थ निर्माण करवितो, तर प्रबळ संकेत पी ३८ या कायनेजामार्फत संरक्षक इंटरल्यूकिन १२ निर्माण करवितो. परजीवी संदेशवहन पहिल्या मार्गाकडे वळवून स्वतःचा बचाव करतो. ईआरकेला आळा घातल्यास उंदरांत परजीवींचा नाश पुन्हा सुरू होतो.

मर्यादा : या प्रयोगांचे निष्कर्ष काळजीपूर्वक काढावे लागतात. जनुक काढूनही उंदीर निरोगी दिसला म्हणजे ते प्रथिन निरुपयोगी ठरत नाही. १४-३-३ गॅमाचे जनुक जन्मापासून पूर्णपणे काढलेले उंदीर २००५ मध्ये परदेशात वर्णन करण्यात आले. ते जगले व त्यांत ठळक दोष आढळला नाही. त्याच प्रथिनाचे वृषणात दमन केल्यावर मात्र खारघर येथे दोष दिसले. प्रथिन आरंभापासूनच नसल्यास वाढत्या भ्रूणात उरलेल्या सहा प्रकारांपैकी एखादा त्याची जागा भरून काढू शकतो. ते नंतर एकाएकी घटल्यास अशी सोय होण्यास अवधी मिळत नाही. या विसंगतीचा असा अर्थ लावता येतो. उलट, दमनासाठी वापरलेला आरएनए चुकून दुसऱ्या जनुकावरही परिणाम करू शकतो. म्हणून त्याच मार्गातील दुसरे प्रथिन दडपून तोच परिणाम मिळतो का, हे पडताळून पाहावे लागते. सर्व प्रकार परस्परांची जागा भरून काढतात असेही नाही. १४-३-३ एप्सिलॉन नसलेल्या उंदरांत मेंदूतील तंत्रिका कोशिकांचे स्थलांतर बिघडते, असे २००३ मध्ये दिसून आले.

याशिवाय, एका वाणात आढळलेला परिणाम दुसऱ्या वाणात सौम्य वा तीव्र असू शकतो. उंदीर व मानव यांची आयुर्मर्यादा, चयापचय (शरीरात सतत घडणाऱ्या रासायनिक घडामोडी) व प्रतिरक्षा यांत भेद आहेत. त्यामुळे उंदरात लागू पडलेले औषध मानवातही लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. उंदरावरील प्रयोग कार्यकारणसंबंध दाखवितो. मानवातील पुरावा स्वतंत्रपणे मिळवावा लागतो.

नियमन : प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा भारतीय अधिनियम १९६० चा असून त्याखाली नेमलेली केंद्रीय समिती प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवते. प्रयोगांविषयीचे तपशीलवार नियम १९९८ मध्ये करण्यात आले. प्रत्येक संस्थेच्या प्राणी नीती समितीची पूर्वपरवानगी असल्याशिवाय प्रयोग करता येत नाही. जननिक फेरबदल केलेल्या जीवांना १९८६ च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाखालील १९८९ चे नियमही लागू आहेत. विल्यम रसेल व रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली पर्याय शोधणे, संख्या घटविणे व वेदना कमी करणे ही तीन तत्त्वे सर्वत्र मान्य झाली आहेत. फेरबदल केलेल्या उंदरांच्या बाबतीत त्यांना विशेष महत्त्व आहे. कारण जनुकातील बदलामुळे प्राण्यास जन्मभर त्रास होऊ शकतो आणि हवा तो जनुकसंयोग मिळविताना पुष्कळ निरुपयोगी पिल्लेही जन्मास येतात. सशर्त लोप व ऊतकापुरते दमन या पद्धतींनी प्रश्नाचे उत्तर अधिक नेमके मिळते, तसेच बदलाचा भार प्राण्याच्या एखाद्या अवयवापुरता मर्यादित ठेवता येतो. काचपात्रातील कोशिकांवर जे समजू शकते ते तेथेच समजून घ्यावे व कोठे, केव्हा आणि कितपत या प्रश्नांसाठीच उंदीर वापरावा, हा या क्षेत्रातील व्यवहाराचा सर्वसाधारण दंडक होय.